एक नख वर

गॅरेजच्या मालकाचं खरं नाव गिऱ्हाइकं कधीच विसरली होती. सगळे त्यांना थांबाबुवा म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. इंजिनातलं ऑईल बदलून झालं की गिऱ्हाईक किल्लीसाठी हात पुढे करायचं आणि बुवा म्हणायचे, "थांबा." मग इंजिन दोन मिनिटं चालवायचं, म्हणजे नवा फिल्टर आपल्या वाटणीचं ऑईल पिऊन घेतो. बंद करून दहा मिनिटं वाट बघायची, वर चढलेलं ऑईल खाली उतरू द्यायचं. तेव्हा कुठे डिपस्टिक, बुवांच्या तोंडी नुसती 'काडी', बाहेर ओढायची, फडक्याने पुसायची, परत घालायची आणि दुसऱ्यांदा ओढून वाचायची. पहिल्या खेपेची काडी खोटं बोलते, असं त्यांचं ठाम मत होतं.

ही दहा मिनिटं गिऱ्हाइकाला बसवून ठेवणं हे बायकोचं काम. मागच्या खोलीतून ती इतका उकळता चहा आणायची की दहा मिनिटांच्या आत तो संपवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. घड्याळाकडे कुणी बघतच नसे. कप रिकामा झाला की बुवा काडीला हात घालत.

रोज गॅरेज धुवायची तीच. तिथली जमीन पहिल्यांदा केली तेव्हा गवंड्याच्या डोक्यावर बसून तिने मागच्या भिंतीतल्या मोरीकडे चांगला उतार काढून घेतला होता. पाणी ओतलं की आपणहून मोरी गाठायचं. बुवा तेव्हा कुरकुरले होते. आत शिरलेली गाडी नाक खाली करून उभी राहायची, ऑईल पुढे सरकायचं आणि पुढे काडी असलेल्या गाड्यांमध्ये ते आहे त्याहून जास्त दिसायचं. बाहेरची गल्ली तर त्याहून वाकडी.

"तेवढं तुम्ही मनात धरा," बायको म्हणाली. "माझ्या पाण्याला मन नाहीये."

धरलं बुवांनी. वरच्या रेघेच्या एक नख वर ऑईल दिसलं की बरोबर. एकतीस वर्षं हा हिशेब कधी चुकला नाही.

बायको जाऊन तीन वर्षं झाली. गॅरेज आता लेक बघते, आणि फार छान बघते, असं बुवा तिच्या माघारी चारचौघांत सांगतात. ऑईल बदलायचं काम तेवढं त्यांनी सोडलं नव्हतं. "ज्या दिवशी माझी काडी चुकेल, त्या दिवशी हे फडकं तुझ्या हातात देईन आणि खुर्चीत बसेन," असं त्यांनीच एकदा तोऱ्यात सांगून टाकलं होतं. खरं तर त्या खुर्चीची त्यांना धडकीच भरायची. हात कामात असले की बायको आसपासच कुठेतरी असल्यासारखं वाटायचं. रिकामं बसलं की ती नाही, हेच तेवढं समोर यायचं.

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे महिनाभर घरी काढून ते पहिल्यांदा कामावर आले, त्या सकाळची ही गोष्ट. मधल्या काळात लेकीने जमीन उखडून नवी करून घेतली होती, करडी, गुळगुळीत. बुवांनी बघितली, "छान झाली" म्हणाले आणि जुन्या गिऱ्हाईक असलेल्या नर्सबाईंच्या, तिथे उभ्या गाडीकडे वळले. नर्सबाईंच्या मुलीचे दिवस भरत आले होते. तिच्या गावापर्यंत आठ तासांचा रस्ता होता आणि त्यांना एकटीनेच गाडी चालवत जायचं होतं.

बुवांनी ऑईल बदललं, इंजिन चालवलं, बंद केलं. लेकीने चहा आणला. तिचा चहा बेताचा गरम असायचा, नर्सबाईंनी तो तीन घोटांत संपवला आणि मग सगळे घड्याळाकडे बघत बसले. दहा मिनिटांनी बुवांनी काडी वाचली, थोडं ऑईल आणखी ओतलं, पुन्हा वाचली. एक नख वर. त्यांनी बॉनेट लावलं, बादलीत हात धुतले आणि जुन्या सवयीने पाणी जमिनीवर ओतून दिलं.

पाणी पसरलं आणि जिथल्या तिथे बसून राहिलं.

बुवा त्या पाण्याकडे बघतच राहिले. मोरी तिकडे कोरडी ठणठणीत. उतार नव्हताच. म्हणजे ते एक नख खरोखरच जास्तीचं होतं. लेक पाठमोरी होती, नर्सबाई गाडीत बसल्या होत्या. बुवा गप्प राहिले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता, आणि फडकं खांद्यावरच राहिलं असतं.

"थांबा," ते म्हणाले.

"अहो बुवा, चहा पिऊन झाला माझा!"

"सिस्टर, चुकलं माझं. ऑईल जास्त झालंय. लांबच्या रस्त्यावर फेसाळेल ते, आणि फेसावर इंजिन चालत नाही."

लेक वळली. बुवांनी कपाटातून जाड सिरिंज आणि सलाईनची नळी काढली. ती नळी नर्सबाईंनीच कधीकाळी आणून दिली होती. काडीच्या भोकातून नळी खाली सोडून त्यांनी जास्तीचं ऑईल थोडं थोडं ओढून घेतलं. मग पुन्हा इंजिन, पुन्हा दहा मिनिटं. या खेपेला काडी लेकीने वाचली. ऑईल वरच्या रेघेवर, अगदी काटेकोर.

"आजी व्हायला निघालेय, म्हणून सोडते तुम्हाला," म्हणत नर्सबाई हसत गेल्या.

बुवांनी खांद्यावरचं फडकं काढलं, नीट घडी घातली आणि लेकीपुढे धरलं. "शब्द दिला होता," ते म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

लेक मात्र जमिनीवरच्या पाण्याकडे बघत होती. "किती होता हो, बाबा, आईचा उतार?"

बुवांनी अंगठ्याचं नख करंगळीवर टेकवून दाखवलं. "काडीवर एवढा."

"मी तर तो उखडून टाकला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "तुमच्या हातात राहिलाय, हे मला ठाऊकच नव्हतं."

तिने फडकं घेतलं, झटकलं आणि परत त्यांच्या खांद्यावर टाकलं.

"पुढची गाडी अकराला आहे," डोळे पुसत मागच्या खोलीकडे जाताना ती म्हणाली. "चहा उकळता आणते."