शेवंताबाईचा पांढरा बुरूज

सारसोळ्याच्या खाडीकाठी एक बुटका बुरूज आहे. बेलापूरच्या किल्ल्याला निदान नाव तरी आहे, ह्याला तेही नाही. ह्याला होता तो शेवंताबाईचा चुना. नारळी पौर्णिमेआधी बुरजाची पाण्याकडची बाजू पांढरी करायचा मान तिच्या सासरचा. सासू गेल्यापासून ती एकटीच शिडीवर चढायची, चुन्यानं हात सोलून घ्यायची, आणि कुणी 'दमलीस का' विचारलं तर त्यालाच फाडून खायची. हा चुना काही शोभेचा नव्हता. परतताना होडीचं तोंड त्या पांढऱ्यावर धरलं की खोल पाण्यातून आत येता येतं, मग वळून जेट्टीला लागायचं. सरळ जेट्टीवर यायला गेलात तर मधे पाण्याखाली खडक, होडीचा तळ फाटलाच.

यंदा सुचित्रा मॅडम आल्या. सोसायटीतल्या, जुन्या वास्तू जपणाऱ्या मंडळाच्या. चुन्याखाली केवढा सुंदर काळा दगड आहे, खरवडून काढू या, म्हणाल्या. बाई भली, विचारून करणारी. शेवंताबाईचा नवरा नामा कुरकुरला. पण तिचे गुडघे बोलायला लागले होते, आणि खरं सांगायचं तर शाल-नारळाचा मोहही होताच. एवढे टॉवर उभे राहिलेत, त्यातला एखादा खूण म्हणून धरा की, असं तिनं नवऱ्याला सुनावलं. सत्कार झाला, फोटो निघाले, बुरूज काळाकुळकुळीत झाला. नामानंही निमूटपणे एक टॉवर धरला.

मग डिसेंबरातली ती सकाळ. उजाडलं तरी धुकं हटेना. पाण्यालगत जरासं विरळ, पण टॉवर पार गडप. ओहोटी लागलेली आणि नामा एकटा खाडीत मासेमारीला गेलेला. फोन करावा तर एक-दोन फोन पाण्यात घालवल्यापासून तो फोन घरीच ठेवायचा. काळा बुरूज काळ्या चिखलात असा मिसळला होता की काठावरून शेवंताबाईलाच दिसेना. तेवढ्यात इंजिनाचा आवाज ऐकू आला.

दोरीवरची पांढरी चादर ओढून ती धावली आणि जेट्टीच्या टोकाच्या खांबाला बांधून मोकळी झाली. तिथून लांबवर दिसेल एवढंच तिच्या डोक्यात. होडीचा आवाज वळलाही. आला, आला, म्हणत तिनं श्वास सोडला.

आणि मग तिला कळलं आपण काय केलं ते. अगं बाई! नामाला ह्या खाडीत एकच पांढरं ठाऊक. टॉवर दिसेनात, म्हणून जुन्या सवयीनं तो बुरूज समजून चादरीवर येत होता, आणि मधे खडक. तिनं ओरडून पाहिलं, पण इंजिनापुढे काय ऐकू जाणार? गाठ सुटेना. चादर काढली तर त्याच्यापुढे काहीच उरत नव्हतं, आणि ठेवली तर तो मरत होता. तिनं चादर टरकन फाडून काढली आणि चिखल तुडवत बुरजाकडे निघाली. कसले गुडघे नि कसलं काय! मागे खर्रकन आवाज झाला आणि इंजिन थांबलं. थांबलं की होडीच बुडाली? वळून बघायची तिची हिंमत झाली नाही. बुरजाला पाठ टेकून, उरलेली चादर डोक्यावर ताणून ती उभी राहिली, एकवीरा आईला हाका मारत, स्वतःला शिव्या घालत.

बऱ्याच वेळानं इंजिन पुन्हा धडधडलं. होडी सरळ तिच्या अंगावर आली.

नामा उतरला. तळ खडकाला घासला, आणि त्याच वेळी समोरचं पांढरं नाहीसं झालं, म्हणून इंजिन बंद केलं, असं सांगता सांगता त्यानं तिच्यामागच्या काळ्या दगडाकडे पाहिलं.

"बुरूज हालला कसा गं?"

"मीच हालवला," शेवंताबाई म्हणाली. तिचे हात खाली येईनात. नामानं तिचं एकेक बोट सोडवलं आणि चादर काढून घेतली.