डुक्कर नसताना मारलेली हाक
नाचणीच्या भाकरीचा खरपूस वास आला की आईची सुजलेली बोटं आठवतात. पोलादपूरच्या डोंगरात आमची वाडी. संधिवाताच्या सुईला ती नाहीच म्हणायची, "अंगातली ताकद मारते ती, नको गो." मी घरातली पहिली पदवीधर, तेही विज्ञानाची. म्हटलं, "आये, अंगात जंतू शिरले की सायटोकाइन नावाची प्रथिनं पेशींना लढायला बोलावतात. तुझ्या अंगात ती जंतू नसतानाच हाका मारतायत, म्हणून पेशी सांध्यांवरच तुटून पडल्यात. सुई ती हाक थांबवते." ती विचारात पडली. "म्हंजी शेतात डुक्कर नाय, नि राखणीवाला ओरडत सुटलाय! धावत आलेली माणसं आपलीच नाचणी तुडवत्यात." मग पदर खोचून उठली. "चल महाडला, सुई घ्यायला. गप करू त्याला." आजची भाकरी तिनेच थापलीय.