तिसऱ्या फेरीतला हात

आमच्या काळी पैलवानाची पायरी कागदावर नसे, ती खाण्याच्या आणि डोक्याला गुंडाळायच्या वस्तूंवर असे. सगळ्यात खाली रेवडी. दोन पोरांनी मातीत लोळायचं आणि जिंकणाऱ्याच्या ओंजळीत पंचांनी रेवड्या टाकायच्या. हरणारा फारच मोठ्यांदा रडला तर त्यालाही चार मिळत. मी ह्या दुसऱ्या मार्गाने पुष्कळ रेवड्या कमावल्या. गळा चांगला होता माझा.

रेवडीच्या वर नारळ, नारळाच्या वर पटका. त्याच्याही वर चांदीचं कडं असतं असं ऐकून होतो. पण नंदुरबारच्या आमच्या तालमीत ते कुणाच्या मनगटात चढलेलं नव्हतं. आमचा स्वर्ग पटक्यापाशीच संपत होता.

कोण कधी वर चढणार हे उस्ताद ठरवत. उस्ताद जातीने पिंजारी. दिवसभर कापूस पिंजायचे आणि पहाटे आम्हाला. परीक्षा वगैरे भानगड नव्हती. रेवडीवाल्यांनी फावड्याने हौद्याची माती उकरायची, हा नेम. एखाद्या सकाळी उस्ताद काही न बोलता तुमच्या हातातलं फावडं काढून दुसऱ्याच्या हातात देत. झालं, तुम्ही नारळावर गेलात. माझ्या हातातलं फावडं त्यांनी कधीच काढलं नाही. माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या हातातलं मात्र मिसरूड फुटायच्या आत काढलं.

पटक्याची रीत वेगळी होती. उस्तादांनी पंचांना निरोप धाडायचा की माझा गडी तयार आहे. मग दंगलीच्या दिवशी त्या गड्याने कोरा पटका हातावर टाकून आखाड्याभोवती तीन फेऱ्या मारायच्या. ज्याला आव्हान घ्यायचं त्याने उठून त्याच्या हाताला हात लावायचा. हात लागला की कुस्ती ठरली; जिंकेल त्याच्या डोक्याला पटका. तीन फेऱ्यांत कुणी उठलंच नाही तर पंच पटका तसाच डोक्याला बांधत. आणि ही संधी जन्मात एकदाच. पटका फिरवताना जो चीत झाला, तो कायमचा नारळावर राहिला.

दादाने त्या एका दिवसासाठी काय काय सोडलं होतं! लग्न लांबणीवर टाकलं होतं, तिखट सोडलं होतं. आई म्हणायची, "ह्याले पटकासंगेच फेरा मारू द्या."

खांडबाऱ्याच्या जत्रेतली ती दंगल. आम्ही सगळे सकाळच्या पॅसेंजरने गेलो. उस्ताद खिडकीशी बसले होते. गेल्या पावसाळ्यापासून त्यांचं थोडं बिनसलं होतं. एकच गोष्ट दोनदा विचारत. कधी भर दुपारी तालमीत येऊन "पोरं कोठे गयात?" म्हणत. आम्ही म्हणायचो, वय झालं. दादाचा निरोप मात्र त्यांनी स्वतः पंचांच्या घरी जाऊन सांगितला होता.

फेरी सुरू झाली. पुढे मी, कारण ओरडायला माझ्याइतका लायक माणूस तालमीत नव्हता. मी दादाचं असं काही वर्णन करत होतो की ऐकून म्हशीही वाट सोडून बाजूला झाल्या असत्या. "देखा रे देखा! तोरणमाळना घाट चालत उतरी उना!" दादा मागून दबक्या आवाजात म्हणाला, "चूप रे, मी तोरणमाळ देखं बी नही."

पहिली फेरी झाली, कुणी उठलं नाही. दुसरीत नवापूरकडचा एक गडी मांडीवर थाप मारून अर्धा उठला आणि त्याच्याच माणसांनी त्याला खाली ओढला. लोक हसले. तिसरी फेरी निम्मी झाली तेव्हा एका पंचाने पटक्याची घडी नीट करायला हात पुढे केलासुद्धा होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून उस्ताद उठले. अंगरखा काढला, खाली नीट ठेवला, आणि येऊन दादाच्या हाताला हात लावला.

लोकांना वाटलं, आशीर्वाद देतायत. मीही टाळ्या वाजवल्या. पण उस्तादांनी वाकून माती घेतली, छातीला चोळली आणि दादाकडे पाहिलं. त्या नजरेत ओळखीचं काही नव्हतं.

मुख्य पंच तापीकाठचे गुजर पाटील होते, भला माणूस. ते घाईने आले. "उस्ताद, बसा बरं. हा तुमचाच ना?"

"मन्हा नही," उस्ताद म्हणाले. "हात लागना ते लागना. घाबरी ऱ्हायना का तो?"

आपल्या उस्तादाशी लढायचं नाही, असा नियम कुणी केलेला नव्हता. करायची वेळच कधी आली नव्हती. पाटलांनी दादाला बाजूला घेतलं. "नाही म्हण. आम्ही त्यांना घरी पोचवतो आणि तुला पटका बांधतो."

दादाने उस्तादांकडे पाहिलं. दंड सुटलेले, बरगड्या दिसत होत्या, पण ते पवित्र्यात उभे होते, अगदी तसेच जसे रोज पहाटे आम्हाला उभे करायचे.

"इतला लोकसमा त्यास्नं हात परत करू?" दादा म्हणाला. त्याने पटका पंचांकडे दिला आणि आखाड्यात उतरला.

कुस्ती कसली ती. उस्तादांनी पट काढला, दादाच्या पायाला कवळ घातली, आणि आमच्या दादाने, ज्याला बैलगाडी हलवू शकली नसती, हळूच मातीवर पाठ टेकवून दिली. वरून पडणाऱ्या उस्तादांच्या डोक्याला लागू नये म्हणून त्याने तळहात मध्ये धरला होता, तो मी पाहिला. टाळी पडली नाही. एवढ्या जत्रेत पाळण्याची करकर ऐकू येत होती.

उस्ताद धापा टाकत उठले. दादाला हात देऊन उठवलं. "तुन्हा उस्ताद कोन शे रे?"

"शे एक, नंदुरबारना."

"त्याले सांग, पोऱ्याना पाय कच्चा शेतस."

"त्यास्ना दोष नही," दादा म्हणाला. "मीच आळशी."

पंचांनी उस्तादांच्या डोक्याला पटका बांधला. परतीच्या गाडीत ते शेजारच्या प्रवाशांना डाव करून दाखवत होते, आणि डाव दाखवायला माणूस म्हणून दादाच पुढे बसला होता.

आठवड्याने पाटील घरी आले. म्हणाले, पंचांनी ठरवलंय, ती कुस्ती धरायची नाही. पुढच्या जत्रेत पुन्हा फिरव. आईने देवापुढे साखर ठेवली. दादाने चहा होईपर्यंत विचार केला आणि नको म्हणाला.

"का रे बाबा?"

"माझी हार धरली नाही, तर त्यांची जीत कशी धरणार?"

 

उस्ताद पुढे दोन-तीन वर्षं होते. काही दिवस त्यांचं डोकं लख्ख असे, आणि तेच दिवस वाईट. ते दादाला नावानिशी हाक मारत आणि सगळ्या तालमीसमोर फैलावर घेत. "इतला गडी व्हयना, आनि पटका कोठे शे तुन्हा? मी पंचेसले सांगीसन उनू! कोठे मरी गया व्हता तू त्या दिन?"

"ताप उन्हा व्हता, उस्ताद."

"ताप!" उस्ताद थुंकत. "मी म्हातारा लढना त्या दिन. अन् हाऊ घर झोपना."

रेवडीवाली पोरं खाली मान घालून फिदीफिदी हसत. दादा कान धरून उभा राही. मग उस्तादांचा आवाज उतरे. जवळ बोलावून ते हळूच विचारत, "तो पोऱ्या परत कोठे दिखना का रे तुले? मी भलता जोरमा आपटा त्याले. लागनं व्हई बिचाराले."

"नही उस्ताद," दादा म्हणे. "त्याले काय बी लागनं नही."