रोमन मूर्तीसमोर आबा

आबा, म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आयुष्यभर वाळूचे साचे भरून त्यात लोखंड ओतत आले. वाळूच्या धुळीनं फुप्फुसं गेली आणि ते घरी बसले. एका दुपारी दवाखान्यातून परतताना मी त्यांना संग्रहालयात नेलं. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेल्या रोमन वस्तू तिथं एका काचेच्या कपाटात मांडल्या आहेत. दारापासून त्या कपाटापर्यंत जाताना ते धाप लागून दोनदा थांबले.

समुद्रदेवाची वीतभर ब्राँझची मूर्ती त्यांनी काचेला नाक लावून बघितली.

"सांधा कुठंच दिसंना. लई हुशार ओतारी हाय की. नाव काय त्याचं?"

मी पाटी वाचली. देवाचं नाव होतं, देशाचं होतं.

"ओतणाऱ्याचं न्हाय, आबा."

"न्हाय व्हय," म्हणाले आणि खोकत बाकावर बसले.

महिन्याभरात ते गेले. तेराव्यानंतर त्यांच्या हातची एखादी वस्तू सापडते का म्हणून मी घरभर शोधलं. एकही नव्हती. त्यांनी ओतलेलं सगळं पंपांच्या आणि ट्रॅक्टरांच्या पोटात बसून कुठल्या कुठं गेलं होतं.