डिस्ट्रिब्युटरमधलं कुंकू

माझी काळी मोटार बंद पडते ही अफवा आहे. ती थांबते. थांबून जरा मुलूख बघते. जुन्या पेट्रोल गाड्यांचा स्वभावच तसा खानदानी. आमच्या इंझोरीत तिचा हॉर्न वाजला की पार शेलूबाजार गावातल्या जीपवाल्यांच्या हातातला चहा सांडतो. खोटं वाटत असेल तर त्यांचे शर्ट बघा.

बायकोला हे पटत नाही. दसऱ्याला सोनं द्यायला तिच्या माहेरी, मानोऱ्याला निघालो, तेव्हा दार उघडायच्या आधीच तिने सुनावलं, "आज दोर लावून ओढत न्या लागली, त उद्या हे धूड भंगारात. दर साली माह्या भावासमोर तमाशा नाही पायजे मले."

"अवं, माही गाडी त्याच्या ट्रॅक्टरले ओढून आणन!" मी म्हटलं.

निम्मी वाट मोटार अशी पळाली की बांधावरच्या तुरी वाकून नमस्कार करत होत्या. मग एका खड्ड्यात आदळली, दोनदा खोकली, सायलेन्सरमधून एक फटाका काढला आणि गप्प.

"दिवाळी लवकर आली," मी म्हणालो.

बायको हसली नाही. तिने भावाला फोन लावला. त्याचा आवाज शिवारभर ऐकू गेला, "ताई, मले मालूमच होतं! निघालो ट्रॅक्टर घेऊन. भाऊजीले सांग, यंदा दोर नवा आणला!"

म्हणजे दोर येईपर्यंतच माझ्या मोटारीचं आयुष्य.

पण मी कच्चा गडी नाही. इंजिन नुसतं हुंगून मी त्याचं दुखणं सांगतो. हुंगलं. पेट्रोल येत होतं. प्लगची वायर काढून तिचं टोक लोखंडाजवळ धरलं आणि बायकोला सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. कॉइलकडून येणारी जाड वायर धरली. तिथेही अंधार. मग दुखणं एकाच जागी असणार! डिस्ट्रिब्युटरच्या डबीत दोन इवलेसे पॉइंट असतात. ते मिटतात, उघडतात आणि त्यांच्या उघडण्यावर ठिणगी पडते. मी झाकण काढलं.

आत देवघर होतं. कुंकू, हळद, वर अक्षता.

"हे कोनं केलं?"

"मीनं. काल खंडेनवमीले. तुमीच त झाकण उघडून सांगतलं ना, हे गाडीचं काळीज आहे म्हणून? मंग पान्याले, पकडीले कुंकू लावलं, काळजाले कायले नाही लावा? लावलं आन् झाकण लावून टाकलं."

रात्रभर वाळलेलं कुंकू खड्ड्याच्या हिसक्याने सुटून थेट पॉइंटमध्ये गेलं होतं. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. वर्षभर जिला धूड म्हणते, तिच्या काळजाला हिने गुपचूप हळद-कुंकू वाहिलं होतं!

पॉलिश पेपर नव्हता. भावाला ओवाळायला घेतलेल्या ताटातली काडेपेटी घेतली आणि तिच्या खरखरीत बाजूने पॉइंट घासले. तिने न सांगता पदराचं टोक पुढे केलं, पुसायला. आता फट लावायची, तर मापाची पट्टी घरी.

"केवढी फट पायजे?"

"जाड कागदाएवढी."

तिने पिशवीतून आपट्याचं पान काढलं, मधोमध दुमडलं आणि माझ्यापुढे धरलं. "हे पाहा बरं."

पानाच्या मापाने फट बसवली. असं माप कोणत्याही कारखान्यात मिळणार नाही. स्क्रू आवळला, झाकण लावलं, तेवढ्यात ट्रॅक्टर आला. खांद्यावर हारासारखा दोर घेऊन मेहुणा उतरला.

"सरका भाऊजी, कुठी बांधू?"

"तुह्या कमरेले बांध," बायको स्टेअरिंगमागून म्हणाली आणि तिने सेल्फ मारला.

मोटारीने अशी डरकाळी फोडली की मानोऱ्यापर्यंतचे कावळे एकदम उठले. मेहुण्याच्या खांद्यावरचा दोर घसरून त्याच्याच पायात पडला.

बायको खाली उतरली. काळ्या तेलाचा डाग पडलेलं तेच पान तिने भावाच्या हातावर ठेवलं. "घे, सोनं घे. आन् ट्रॅक्टर मांगं घे. आज पुढं आमची गाडी राहीन."