टेबलावरची घंटी

वेळ संपली नव्हती, तरी मी घंटी वाजवली. आमच्या लेखक मंडळाच्या मासिक बैठकीत प्रत्येकाला वाचायला दहा मिनिटं मिळतात आणि ती संपली की अध्यक्षाने टेबलावरची घंटी वाजवायची, अशी पद्धत आहे. अध्यक्ष मी. त्या दिवशी निवृत्त परिचारिका सुमनताई पहिल्यांदाच वाचत होत्या आणि त्यांच्यानंतर माझी कविता होती. लोक उठून जायच्या आत ती वाचण्याची मला घाई झाली होती. सुमनताई वाक्याच्या मध्येच थांबल्या, "बरं" म्हणाल्या आणि कागदाची घडी घालून बसल्या. माझ्या कवितेला पहिली टाळी त्यांचीच होती.

त्यानंतर त्या दर महिन्याला आल्या, खुर्च्या मांडल्या, पण वाचलं नाही. काल बैठकीआधी सुमनताईंनी पर्समधून चष्मा काढला, तेव्हा तोच कागद बाहेर आला. घड्यांवर तो विरून फाटायला आला होता. म्हणजे तो त्या दर वेळी सोबत आणत होत्या. एखाद्याला गप्प करायला एका बोटाचं बळ पुरतं, आणि त्यांच्या गप्प बसण्याला मी इतके महिने मंडळाची शिस्त समजत होतो.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"काय अध्यक्ष, घंटी सोडून इकडे कुठे?" त्या हसल्या.

"ताई, त्या दिवशी तुमची चार मिनिटं उरली होती. मला ते माहीत होतं. माझं चुकलं, मला माफ करा."