हुसेनभाईंची उजवी बाजू

१९८२ च्या जानेवारीत, एका शुक्रवारी दुपारी, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियामागच्या मोकळ्या जागेत हुसेनभाई मुकादम यांनी आपल्याच संघाचा विजयी गोल रद्द करायला लावला. हुसेनभाई दक्षिण कॉलेजचे गोलकीपर होते. म्हणजे गोल झाला तिथून मैदानाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिथून ते धावत आले, धाप टाकत थांबले आणि पंचांना म्हणाले, "ता गोल नाय. शिर्केनं हात लावलान."

शिर्के त्यांचाच कॅप्टन. पंच मी होतो. शिर्केला विचारले. त्याने आधी आकाशाकडे पाहिले, मग बुटांकडे. "लागला असेल थोडा," तो म्हणाला. गोल रद्द झाला.

मी पंच होतो याचे कारण एवढेच, की मी साताऱ्याचा आणि माझे कॉलेज या भांडणात नव्हते.

भांडण कोकणातले होते. एका खाडीच्या दोन तीरांवर दोन कॉलेजे, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. दोघांत दर वर्षी फुटबॉलचा सामना होई. हुसेनभाईंच्या सांगण्यानुसार, पहिल्याच सामन्यात दक्षिणवाल्यांचा चेंडू खाडीत पडला, भरतीबरोबर उत्तरेला गेला आणि उत्तरवाल्यांनी तो परत दिला नाही. उत्तरवाल्यांच्या सांगण्यानुसार चेंडू मुळात त्यांचाच होता आणि तो आपणहून घरी आला. दोन्ही बाजूंकडे साक्षीदार होते. त्या सामन्याच्या वेळी त्यांतला एकही जन्मलेला नव्हता.

सत्तरच्या दशकात या दोन्ही कॉलेजांची पोरे कतारला आली. कोणी क्लार्क, कोणी सर्व्हेअर, कोणी ड्राफ्ट्समन. सामान वीस किलो आणायची परवानगी होती. भांडण वजनात धरत नसत. पहिल्याच हिवाळ्यात सामना ठरला आणि मग दर हिवाळ्यात होत राहिला. मैदान मात्र दर एक-दोन वर्षांनी बदलावे लागे, कारण गेल्या वर्षीच्या मैदानावर गोदाम उभे राहिलेले असे. सीमारेषा गॅरेजमधल्या जळक्या ऑइलने आखायच्या. जमीन खडीची. पडले की सोलून निघायचे.

हुसेनभाई एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. उंच, हाडकुळे, बोलताना समोरच्याच्या शर्टाचे बटण धरायची सवय. गोलपोस्टसाठी लागणारे स्कॅफोल्डिंगचे पाइप त्यांच्या स्टोअरमधून येत आणि संध्याकाळी परत जात. स्टोअरमधूनच त्यांचे हातमोजे आले होते. ते वेल्डरचे होते, जाड चामड्याचे, कोपरापर्यंत येणारे. ते घालून हुसेनभाई गोलात उभे राहिले की लांबून कोणीतरी भट्टी सांभाळतो आहे असे वाटे.

त्यांची उडी देखणी होती. खडीवर पूर्ण लांबीने उडी मारणारा दुसरा माणूस दोन्ही संघांत नव्हता, आणि दक्षिणेचे गोलकीपरपद त्यांच्याकडे कायम राहिले ते याच कारणाने. अडचण एक होती. हुसेनभाई फक्त उजवीकडे उडी मारत. कॉलेजात असताना त्यांनी एकदा प्रिन्सिपॉलांच्या देखत उजवीकडे झेप घेऊन पेनल्टी अडवली होती. तेव्हापासून चेंडू कुठूनही येवो, ते उजवीकडे जात. उत्तरवाल्यांना हे पहिल्याच वर्षी समजले. ते चेंडू हुसेनभाईंच्या डावीकडे मारत. हुसेनभाई उजवीकडे झेपावत, चेंडू डावीकडून आत जाई, आणि दोघांची भेट होत नसे.

हे त्यांना कोणी सांगितले नाही असे नाही. शिर्केने दर वर्षी सांगितले.

"हुसेनभाई, एकदा तरी डावीकडे जाऊन बघा."

"डावीकडं माझा काय काम?" हुसेनभाई विचारत.

"बॉल तिकडे असतो."

"आज होता. उद्या उजवीकडं आला तर? तिकडं कोण असणार? तू?"

गोल खाल्ल्यावर ते कपडे झटकत आणि म्हणत, "आला तसा गेला." सामना हरल्यावर म्हणत, "हरलो नाय. अजून जिंकलो नाय." हे वाक्य त्यांनी सलग इतकी वर्षे म्हटले, की उत्तरवाले शिट्टी वाजल्यावर ते एका सुरात म्हणून दाखवत. हुसेनभाई रागावत नसत. "पाठ झाला ना? मग ध्यानात पण ठेवा," असे सांगून ते पाइप पिकअपमध्ये चढवू लागत.

यात कोणाचे काही बिघडले नसते. पण दुसऱ्या की तिसऱ्या पराभवानंतर हुसेनभाईंनी चारचौघांत शपथ घेतली. "साऊथ जिंकल्याशिवाय मी कॅन्सल करून जायचा नाय." आखातात कॅन्सल करणे म्हणजे व्हिसा रद्द करून कायमचे घरी जाणे. हुसेनभाई तीन वर्षांसाठी आले होते. घर बांधायचे होते. घर बांधून झाले, विहीर झाली, मागच्या पडवीला लाद्याही बसल्या. राहण्याचे कारण उरले नाही, पण शपथ उरली. दोन वर्षांतून एकदा ते सुटीवर जात आणि परत येत. घरात त्यांची बायको जुबेदा एकटी होती.

जुबेदा उत्तर तीरावरची, लग्न होऊन दक्षिणेला आलेली. तिचा धाकटा भाऊ रशीद दोह्यातच क्लार्क होता आणि उत्तरेचा सेंटर फॉरवर्ड होता. आपल्या नवऱ्याला परदेशात अडकवून ठेवणाऱ्या गोलांपैकी निम्मे आपल्याच भावाने मारले आहेत, हे तिला उशिरा कळले.

त्या काळी फोन महाग आणि लाइन मिळणे नशिबाचे. लोक घरून कॅसेट मागवत. १९८१ च्या डिसेंबरात गावाहून आलेल्या एका माणसाने रशीदला एक कॅसेट आणून दिली. ती मी स्वतः ऐकली आहे. आधी कोंबड्यांचा आवाज, मग जुबेदा.

"रशीद, तुझ्या दुल्हाभाईंनी पडवीतल्या लाद्या अजून धड बघितल्या नाय. मी त्यावर एकटी बसतंय. तुमी औंदा हरा. कसा हरायचा ता तुमचा तुमी बघा. नाय हरलास तर ईदेला माझ्या घरी येऊ नको."

रशीदने उत्तर संघाला खोलीत बोलावून कॅसेट ऐकवली. त्यांच्यातलेही बहुतेक बायका गावी ठेवून आलेले होते. हरायचे ठरले. प्रश्न फक्त पद्धतीचा होता. दक्षिणेचा संघ असा होता, की त्याच्याशी हरायला मेहनत लागणार होती.

"सोपा हाय," रशीद म्हणाला. "बॉल त्यांच्या उजवीकडं मारायचा."

त्या शुक्रवारी तसेच झाले. पहिला चेंडू उजवीकडे आला. हुसेनभाई उजवीकडे झेपावले आणि चेंडू त्यांच्या हातमोज्यात आला. दोह्यातल्या त्यांच्या कारकिर्दीत हे प्रथमच घडत होते. ते चेंडू छातीशी धरून थोडा वेळ तसेच पडून राहिले. लागले असेल म्हणून मी धावत गेलो. लागले नव्हते. "शिर्केला बोलवा," ते म्हणाले. शिर्के आला. "बघ. उजवीकडं आला," त्यांनी त्याला पडल्या-पडल्या सांगितले.

त्यानंतर आणखी चेंडू आले, सगळे उजवीकडे, आणि हुसेनभाईंनी ते सगळे अडवले. दक्षिणवाले नाचायला लागले. उत्तरवालेही आनंदात होते, पण त्यांना तो लपवावा लागत होता. अखेर शिर्केने गर्दीत चेंडू आत ढकलला, मी शिट्टी वाजवली, आणि वर सांगितल्याप्रमाणे हुसेनभाईंनी तो गोल रद्द करून घेतला.

रशीदचा संताप अनावर झाला. तो मैदानाच्या मध्यावर उभा राहून ओरडला, "दुल्हाभाई, पंचांनी गोल दिलानी, आमी घेतला, तुमाला काय पडलीवती?" मग खेळ सुरू झाला, चेंडू त्याच्याच पायात आला आणि त्याने सगळा राग काढून तो मारला. पायाला अनेक वर्षांची सवय होती. चेंडू हुसेनभाईंच्या डावीकडून आत गेला. हुसेनभाई उजवीकडे पडले होते. उत्तर कॉलेज एका गोलाने जिंकले. विजयी संघ डोके धरून खाली बसला.

परतताना पिकअपमध्ये रशीद, हुसेनभाई आणि मी एकत्र होतो. हुसेनभाईंनी रशीदच्या शर्टाचे बटण धरले.

"घरी जाऊन जुबेदाला काय सांगू? शिर्केच्या हातानं जिंकलो?"

"ती काय विचारायला बसलीय?"

"ती विचारत नाय. मीच सांगतंय ना तिला सगळा. मग खोटा कसा सांगू?"

हे उत्तर रशीदने पुढच्या कॅसेटमध्ये बहिणीला जसेच्या तसे कळवले. तिचे उत्तर यायला बरेच महिने लागले. तेही मी ऐकले आहे. यावेळी कोंबड्या नव्हत्या. कोणीतरी नारळ खवत होते, बहुधा तीच.

"त्यांना खोटा चालत नाय, ता मला म्हाईत हाय. मग खोटा करू नको. कोणी मुद्दाम हरू नको, मुद्दाम जिंकू नको. नीट खेळा. फक्त त्यांना तुमच्या गोलात उभा करा."

ही कॅसेटही रशीदने उत्तर संघाला खोलीत बोलावून ऐकवली. "आपली अक्कल इतकी वर्षं कुठे होती?" असे उत्तरेच्या कॅप्टनने विचारले.

या सामन्यांत एक रिवाज होता. कोणाची शिफ्ट बदलायची, कोणाच्या कंपनीची बस यायची नाही. मग ज्या संघात माणूस कमी असेल त्याला दुसऱ्या संघाने एक माणूस उसना द्यायचा. १९८३ च्या सामन्याला उत्तरेचा गोलकीपर आला नाही. तो खरोखर ड्यूटीवर होता. मी नंतर चौकशी केली. ती ड्यूटी त्याने सुपरवायझरकडून मागून घेतली होती.

रशीद हुसेनभाईंकडे गेला. "दुल्हाभाई, आमचा कीपर नाय. तुमी येताव उसने?"

हुसेनभाईंनी शिर्केकडे पाहिले.

"जा तुम्ही," शिर्के म्हणाला. "आमच्या गोलात मी थांबतो." कॅसेटची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, याला रशीद आणि शिर्के दोघांनी दुजोरा दिला आहे. हुसेनभाई जाणार हे ऐकून त्याला नुसताच आनंद झाला होता.

"पण ऐकून ठेवा," हुसेनभाई दोन्ही संघांना म्हणाले. "उसना असलो तरी मी सोडणार नाय. बॉल आला की अडवणार. मग कोणी बोलायचा नाय, हुसेननं कॉलेजशी बेइमानी केलान."

"तुम्ही अडवा," शिर्के म्हणाला.

खेळ खरा झाला. उत्तरवाल्यांनी शिर्केवर तीन गोल केले. शिर्के उडी मारत नसे. तो चेंडूला वाट देई. दुसरीकडे हुसेनभाईंनी कधी नव्हे इतक्या जोराने उड्या मारल्या. एकदा ते उजव्या पाइपवर आदळले आणि पाइप वाकला. दक्षिणवाल्यांनीही काही मुद्दाम केले नाही. त्यांनी आपले समोर मोकळी जागा दिसली तिथे चेंडू मारला. ती जागा दर वेळी डावीकडे होती. चौथा गोल झाला आणि मी शेवटची शिट्टी वाजवली. दक्षिण कॉलेज चार-तीनने जिंकले.

दक्षिणवाले धावत हुसेनभाईंकडे गेले. उत्तरवालेही गेले. सगळे जण त्यांच्याभोवती उड्या मारत होते आणि मधोमध हुसेनभाई हातमोजे घालून उभे होते. आपल्याला आनंद झाला आहे की दुःख, हे त्यांना ठरवता येत नव्हते.

"मी एक पण सोडला नाय," ते मला म्हणाले. "तुमी बघितला ना? खरा सांगा."

एकही सोडला नाही, असे मी सांगितले.

"मग जिंकलो ता खरा?"

"खरं."

"आणि हरलो ता?"

"तेही खरं."

त्यांनी माझ्या शर्टाचे बटण सोडले, हातमोजे काढले आणि रशीदला म्हणाले, "खलास. उद्या ऑफिसात सांगतंय." सगळ्यांच्या आधी उत्तरेचा कॅप्टन रडला. वाकलेला पाइप सरळ करायला दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये तीन माणसे लागली.

हुसेनभाईंनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. त्यांना सोडायला विमानतळावर दोन्ही संघ गेले होते. तिथे त्यांनी शिर्केला बाजूला घेऊन गोलात कसे उभे राहावे ते सांगितले. नेमके काय सांगितले, हे शिर्केने कधीच सांगितले नाही.

ते घरी पोचले तेव्हा दुपार टळली होती, असे रशीदला त्याच्या बहिणीकडून कळले. त्यांनी बॅग उघडायच्या आधी पडवीत बसून बायकोला सामना सांगायला घेतला, पहिल्यापासून, गोलागणिक. उत्तरेचा कीपर नेमका त्याच दिवशी ड्यूटीवर निघाला, हे नशीबच म्हणायचे, असेही ते म्हणाले. जुबेदा "हो का" म्हणाली. दुसरे काही तिने सांगितले नाही, त्या दिवशी किंवा नंतर. सामना संपल्यावर तिने ताट वाढले. बांगड्याचे कालवण होते. हुसेनभाईंनी भात दोनदा घेतला.